बारक्या एबीसीडीतली वस्ती

लातूर, ४ एप्रिल २०१६

तीर्थरूप मारोतीमामा यांस,
सिंधुचा सविनय जयभीम.

पत्र बघून हसाल. खिशात मोबाईल असताना भाचीला टपालाचं तिकीट चिकटवायची काय हौस, म्हणाल. पण फोनवर तुमचे कान लई तिखट. मागच्या महिन्यात मी नुसतं "बरी हाय" म्हणाले, तर तुम्ही विचारलंत, "ताप किती आहे?" आणि होता, एकशे दोन. म्हणून यावेळी कागद. कागदाला आवाज नसतो.

आमच्या संस्थेची टँकरची यादी २००३ च्या दुष्काळापासून तुमच्याच नांदेडच्या कॉम्प्युटर सेंटरवर होती, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. चौतीस गावं, सहा हजारांवर कुटुंबं, प्रत्येकाचा नंबर. कोणता टँकर कोणत्या दिवशी कुठं रिकामा करायचा, ते त्या नंबरांवरून ठरतं आणि तशी चिठ्ठी ड्रायव्हरला मिळते. आता इथं नवीन प्रणाली आणली आहे. आमचे व्यवस्थापक किशनराव म्हणतात, "उद्या उदगीर जिल्हा झाला अन् अहमदपूर तिकडं गेलं, तर यादी बटण दाबताच फुटली पाहिजे. तेव्हा कुणी वही घेऊन बसायचं न्हाई." जिल्हा होतो की नाही, यावर ऑफिसात रोज वाद. पाण्यावर कुणी वाद घालत नाही, कारण ते नाहीच.

जुनी यादी नवीन प्रणालीत न्यायचं काम माझ्याकडे आहे. सोमवारपासून, म्हणजे ११ तारखेपासून, चिठ्ठ्या नव्या मशीनमधून निघणार. तुम्ही पाठवलेली प्रत उघडली आणि पहिल्याच पायरीला अडले. नवीन मशीन म्हणतं, कुटुंबांचं टेबल सापडत नाही. अहो, डोळ्यांसमोर आहे! गावांचंही तेच. काय करू?

किशनरावांचा निरोप: जुन्या मशीनचं काम संपलं, ते भंगारात दिलं तरी चालेल.

आणखी एक गोष्ट यादीत दिसली. राग आला. ती मी सरळ करून टाकणार आहे. भेटल्यावर सांगीन.

आपली,
सिंधु

*

वजिराबाद, नांदेड
६ एप्रिल २०१६

चि. सिंधुस जयभीम आणि आशीर्वाद.

कागदाला आवाज नसतो, असं तुला कुणी सांगितलं? तुझं पत्र मी दोनदा ऐकलं. "सरळ करून टाकणार आहे" इथं पेन एवढं दाबलंस की मागच्या बाजूला वळ उठलाय. काय सरळ करायलीस, ते आधी कळव. करून झाल्यावर नको.

टेबल न सापडण्याचं ऐक. मी या धंद्यात पाट्या रंगवत आलो. आधी दुकानांच्या पाट्या, मग टायपिंग, मग कॉम्प्युटर. त्यामुळे मला सगळं पाटीच्या भाषेतच कळतं. जुनी प्रणाली दारावरची पाटी बघताना डोळे किलकिले करायची. पाटी मोठ्या एबीसीडीत असो की बारक्या, तिला दोन्ही एकच. तुझी नवीन बाई कडक आहे. पाटीवर पहिलं अक्षर मोठं आणि तू हाक मारलीस बारक्यानं, तर ती म्हणणार, असं घर या गल्लीत नाही. तेव्हा सगळ्या टेबलांची नावं एकदाच बारक्या एबीसीडीत करून टाक, आणि हाकही तशीच मार. एक सवय लाव अन् मोडू नकोस. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

पण एक लक्षात ठेव. जी पाटीच्या बाबतीत कडक, ती घरातल्या माणसांच्या बाबतीत तशीच असेल, हे गृहीत धरू नको. नवीन माणसाची एकच सवय कळली की आपल्याला वाटतं, सगळा माणूस कळला. मी असे तीन भागीदार केले आणि तिघांनाही सोडलं.

म्हणून माल हलवायच्या आधी मोज आणि हलवल्यावर मोज. गावाप्रमाणे मोज. आकडा मला लिहून पाठव.

जुनं मशीन देऊन टाकतो भंगारवाल्याला. दुकानात जागाही होईल.

तुझा,
मारोतीमामा

*

लातूर, ८ एप्रिल २०१६
(संध्याकाळच्या नांदेड गाडीनं)

मामा,

जयभीम. तुमची पाटीची युक्ती बरोब्बर लागू पडली. सगळी टेबलं बारक्या एबीसीडीत केली आणि मशीन एका हाकेत ओ द्यायला लागलं. आज पाडव्याची सुट्टी, ऑफिसात मी एकटीच होते. सगळी यादी हलवली. एकही चूक दाखवली नाही मशीननं! किशनरावांना फोन करून सांगितलं तर म्हणाले, "पोरी, तुझ्या मामानं दोन महिने मागितले असते."

आता ते रागाचं सांगते. आपल्या हिंगणदऱ्याचीच गोष्ट घ्या. गावातल्या घरांचे नंबर मोठ्या एबीसीडीत, मोठा एच, मोठा डी आणि पुढं आकडा. आणि आपल्या वस्तीच्या घरांना? तीच दोन अक्षरं, पण बारक्या एबीसीडीत. आपल्या धुरपताआजीचं घर बारका एचडी एक्केचाळीस. मला वाटलं, एखाद्याचा हात चुकला असेल. बाकीची गावं बघितली. जिथं वस्ती, तांडा, वाडी, तिथं बारकं. जिथं गाव, तिथं मोठं. तेरा वर्षं! यादी करताना कुणीतरी खुर्चीत बसून ठरवलं की गाव मोठ्या अक्षरात आणि आपण लहान. माणसाचं नाव खाली ढकलायला आता कॉम्प्युटरही कमी पडत नाही. तो कोण होता, तुम्हाला आठवत असेल तर सांगा. मला त्याला एकदा बघायचंय.

मी सगळे मोठे केले. एका आदेशात. आता यादीत कुणीही बारकं नाही.

मोजायचं राहिलं. पण मशीननं चूक दाखवली नाही म्हणजे सगळं आलंच असणार. शिवाय आदेशातच लिहिलं होतं की जुळा नंबर आला तर न थांबता पुढं जा. नाही तर सारखं अडत होतं.

१४ तारखेला जयंती आहे. वस्तीवर पाहुणे येतील. हिंगणदऱ्याचा टँकर १३ ला, बुधवारी आहे, म्हणजे वेळेवर होईल.

सिंधु

*

नांदेड, ९ एप्रिल २०१६
(दुपारच्या लातूर गाडीनं, कंडक्टर मन्मथअप्पांच्या हाती)

चि. सिंधु,

फोनवर तुला एवढंच सांगितलं, संध्याकाळी स्टँडवर जाऊन पाकीट घे. मन्मथअप्पा ओळखीचे आहेत, म्हणून त्यांच्या हाती दिलं. पाकिटात काय आहे ते शेवटी सांगतो, आधी वाच.

तुला ज्याला एकदा बघायचं होतं, तो मी.

रागावू नको. रागवायचं असेल तर पूर्ण वाचून रागव. २००३ साली तू लातूरला शाळेत होतीस. हिंगणदऱ्याला टँकर यायचा तो गावच्या आडात रिकामा व्हायचा. गावाचं भरून झाल्यावर वस्तीनं जायचं, असा तिथला रिवाज. कुणी कुणाला हात लावून अडवत नव्हतं, पण रांग अशी लागायची की आपल्या बायांचा नंबर येईपर्यंत आडात गाळ उरायचा. तुझी धुरपताआजी तो गाळ लुगड्यानं गाळायची. मी नांदेडहून आलो, बघितलं आणि परत गेलो. भांडलो नाही. भांडून एक दिवस पाणी मिळालं असतं.

त्याच आठवड्यात संस्थेचं यादीचं काम मला मिळालं. तेव्हाच्या सेक्रेटरीला म्हणालो, वस्तीचा वेगळा खाना ठेवू, वेगळा टँकर पाठवू. तो म्हणाला, "गाव एक, खातं एक. उगी वाद कशाला लावायलास?" मी हाव म्हणालो. खाना ठेवला नाही. नुसते वस्तीचे नंबर बारक्या एबीसीडीत भरले. जुन्या प्रणालीला पाटीत फरक कळत नव्हता, पण आतल्या मालात मोठा एच आणि बारका एच ही दोन वेगळी अक्षरं. तिच्या लेखी हिंगणदरा नावाची दोन गावं झाली. दोन गावं म्हटल्यावर तिनं आपोआप दोन चिठ्ठ्या काढल्या, दोन टँकर लावले. ड्रायव्हर एक टँकर आडावर न्यायचा, दुसरा थेट वस्तीवर. सेक्रेटरी गेला, दुसरा आला, तोही गेला. कुणी विचारलं नाही. मग मी जिथं जिथं वस्ती, तांडा, वाडी होती, तिथं तेच केलं.

वेगळा टँकर म्हणजे आपल्याच माणसांना वेगळं पाडणं, असं तुला वाटेल. मलाही रात्रंदिवस वाटलं. पण गाळून पाणी प्यायलेल्या माणसाला मी दुसरं काय देऊ शकत होतो? चूक माझी एकच. हे कुठं लिहून ठेवलं नाही आणि तुला सांगितलं नाही. हुशारी लपवली की तिचा नंतर खड्डा होतो.

आता खड्डा बघ. तुझी नवीन बाई पाटीला कडक, पण आत बसलेल्या मालाच्या बाबतीत अगदी उलटी. तिला मोठं एचडी एक्केचाळीस आणि बारकं एचडी एक्केचाळीस एकच वाटतं. तू मोठं केलं नसतंस तरी हेच झालं असतं, म्हणून ते मनाला लावून घेऊ नको. तिनं पहिलं ठेवलं आणि दुसऱ्याला जुळं समजून सोडून दिलं. तू सांगितलंस, थांबू नको, म्हणून ती बोललीही नाही. मशीन गप्प बसलं म्हणजे सगळं ठीक, असं मानायचं नसतं. माझ्या कानांना तिचं गप्प बसणंच आधी ऐकू आलं.

जा आणि मोज. माझ्या आठवणीत एकूण सहा हजार दोनशे अठरा आहेत.

पाकिटात पेन ड्राइव्ह आहे. त्यात जुनी यादी जशीच्या तशी. भंगारात दिलं म्हणालो होतो ना मशीन? दिलं नाही. तुझ्या पत्रातलं ते दाबलेलं पेन बघितलं आणि त्यावर चादर टाकून ठेवलं.

यावेळी असं कर. नंबराच्या खान्याला सांग की मोठ्या-बारक्याचा भेद धर. तसं सांगता येतं. मगच माल आत ने. पण त्यावरच थांबू नको. जे मी अक्षरात लपवलं, त्याला उघडा खाना दे: वस्ती. त्यात वस्तीचं नाव लिही. हिंगणदऱ्याच्या वस्तीचं नाव फोनवर विचारू नको. तिथं जा. वेशीतच कळेल.

मामा

*

लातूर, ११ एप्रिल २०१६
(संध्याकाळच्या नांदेड गाडीनं)

मामा,

जयभीम. पाकीट शनिवारी सातला मिळालं. मन्मथअप्पा म्हणाले, "तुमचे मामा नांदेडला दोनदा गाडीत चढून उतरले. म्हणे, पाकीट कुठं ठेवलं ते पुन्हा दाखवा."

काल सकाळी पहिल्यांदा मोजलं. पाच हजार पाचशे सत्त्याहत्तर. सहाशे एक्केचाळीस कुटुंबं गायब. मी ज्यांना मोठं करायला गेले, नेमकी तीच नव्हती. धुरपताआजीच्या नंबरासमोर गावातल्या कुणाचं तरी नाव. बुधवारी तिथं टँकर गेलाच नसता आणि पुढची पाळी थेट रविवारी. चिठ्ठी नाही म्हणजे फेरी नाही, असा आमचा नियम. मीच तो भिंतीवर लावला आहे.

तुम्ही सांगितलं तसं केलं. रिकाम्या टेबलात नंबराच्या खान्याला भेद धरायला सांगितलं, "थांबू नको" हा शब्द काढून टाकला आणि तुमच्या प्रतीतून पुन्हा भरलं. एकदाही अडलं नाही. मग गावाप्रमाणे मोजलं, दोनदा. सहा हजार दोनशे अठरा. मामा, मी ऑफिसात एकटीनं टाळ्या वाजवल्या.

पण वस्तीचा उघडा खाना घालायचा तर किशनरावांना सांगणं भाग होतं. म्हणजे तुमची तेरा वर्षांची चोरी फोडणं आणि माझी चूकही. आज सकाळी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. तुमचं नाव घेताना आवाज कापला, तुम्ही तो ऐकला असता. किशनराव चहा पीत होते. बशी खाली ठेवली.

"मला काय नवीन सांगायलीस?" म्हणाले. "धा वर्षं झाली, नरसिंग टँकर घेऊन खालच्या वस्तीवर चाललाय. मी काय आंधळा हाय का?"

"मग साहेब, बोलला कसं नाही?"

"बोललो असतो, तर कुणीतरी विचारलं असतं, हे कोणत्या खान्यात बसतं. खाना नव्हताच. नसलेल्या खान्यावर न्हाई कोण म्हणणार? आता तू काढ खाना. आज काढ. अन् ती काल भरलेली यादी आधी मला दाखव. तुझ्या चुकीचं नंतर बघू."

खाना काढून चिठ्ठ्या छापल्या. बाहेर नरसिंगदादा चिठ्ठ्यांसाठी थांबले होते. मी चिठ्ठी दिली तर उलटीसुलटी करून बघितली. म्हणाले, "बाई, यावर वस्तीचं नाव न्हाई? 'वस्ती' एवढंच?" मी म्हणाले, "तुम्ही काय म्हणता तिला?" म्हणाले, "आम्ही खालची म्हणतो. पण ते काय नाव झालं का?"

बुधवारी त्यांच्याच टँकरमधून जाते. नोकरीचं काय ते किशनराव अजून बोलले नाहीत. पण आज दोनदा चहा मागवला माझ्यासाठी. याचा अर्थ तुम्हाला ऐकू येत असेल.

सिंधु

*

नांदेड, १२ एप्रिल २०१६
(दुपारच्या लातूर गाडीनं)

चि. सिंधु,

तुझं पत्र वाचलं आणि दुकानाचं शटर अर्धं ओढून जरा बसलो. गिऱ्हाइकाला वाटलं, तब्येत बरी नाही. तब्येत बरी आहे. तेरा वर्षं जे ओझं खांद्यावर होतं, ते खाली ठेवताना खांदा जरा वेळ तसाच वाकडा राहतो, एवढंच.

आणि हसूही येतंय. सगळ्या नांदेडात मी कानाचा तिखट म्हणून मिरवतो. कोण भागीदार खोटं बोलतोय, कोणतं मशीन बिघडणार, आधी मला ऐकू येतं. आणि इथं किशनराव धा वर्षं माझं गुपित ऐकून गप्प बसले, ते मला ऐकू आलं नाही! भेटले तर त्यांना माझा जयभीम सांग. म्हणावं, खुर्चीतल्या माणसाचे कानही कमी नसतात.

चहा दोनदा म्हणजे नोकरी आहे. एकदाच आला असता तर मी काळजी केली असती.

आता मशीनवरची चादर काढू का? नाही, राहू दे. तू बुधवारी जाऊन ये. पाणी ड्रममध्ये पडलेलं स्वतः बघ, मग काढतो.

मामा

*

हिंगणदरा, १४ एप्रिल २०१६

मामा,

हे धुरपताआजीच्या ओट्यावर बसून लिहितेय. काल आले, आणि जयंती म्हणून कुणी परत जाऊ दिलं नाही.

टँकर काल साडेअकराला आला. नरसिंगदादांनी आडाजवळ वेग कमी केला नाही, तसेच खाली आले. निळे ड्रम ओळीनं मांडून ठेवलेले. प्रत्येकावर नंबर रंगवलेला, तोही बारक्या एबीसीडीत. हे तुम्हीच शिकवलं असणार. पाइप पहिल्या ड्रममध्ये पडला आणि पाण्याचा तो जाड आवाज आला. मी मोजत होते. त्रेचाळीस घरांचे ड्रम, त्रेचाळीस भरले. एकही घर सुटलं नाही. मला एकदम रडू आलं, तर केवळाकाकू म्हणाल्या, "रडायलीस कशाला? रडायचं असंल तर ड्रमात रड, वाया जाऊ देऊ नको." सगळ्या हसल्या. मीही.

आजीनं चिठ्ठी मागून घेतली. वाचता येत नाही, तरी डोळ्यांजवळ धरली.

"माझं नाव हाय का ह्यात?"

"हाव, आजी. एक्केचाळीस."

"अन् वस्तीचं?"

"तेच विचारायला आले. वस्तीचं नाव काय घालू?"

आजीनं माझ्याकडं बघितलं, जसं काही मला आजवर कुणी काही शिकवलंच नाही. म्हणाली, "येताना डोळे मिटून आलीस का?"

परत वेशीपर्यंत चालत गेले. बाभळीच्या खोडाला पत्र्याची पाटी आहे, मामा. गंजलेली, एका कोपऱ्यातून वाकलेली. निळा रंग उडालाय, पण अक्षरं उरलीत. पंचशीलनगर. मोठी, देखणी, गोल अक्षरं. आणि खाली अगदी बारीक: मा. पेंटर, १९७६. तुम्ही तेव्हा सोळा वर्षांचे होतात ना? म्हणून "तिथं जा" म्हणालात. फोनवर विचारलं असतं तर नुसतं नाव कळलं असतं.

कालच फोनवरून किशनरावांना नाव सांगितलं. त्यांनीच खान्यात भरायला लावलं. रविवारच्या चिठ्ठीवर छापून येईल: हिंगणदरा, पंचशीलनगर, त्रेचाळीस घरं. वस्तीचं नाव आता अक्षरात लपायची गरज नाही.

आता मशीनवरची चादर काढा.

आणि हे पत्र टाकायला मी उद्या अहमदपूरला जाणार, तिथून ते नांदेडला परवा पोचेल. तोवर मला दम निघणार नाही. म्हणून मिरवणूक निघाली की तुम्हाला फोन करते. वाजतगाजत असेल, तरी ऐकून घ्या. आता माझ्या आवाजात तुमच्यापासून लपवण्यासारखं काही नाही.

आपली,
सिंधु